केसपेपर, कार्ड आणि चिठ्ठी: सरकारी दवाखाना पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. तरी गरिबाघरचा माणूस आधी खाजगीत हजार-दोन हजार घालवतो, उशिरा सरकारीत येतो आणि तिथूनही कधी कधी हात हलवत परत जातो. डॉक्टर नव्हते, औषध संपलं, 'हे इथे होत नाही'. यातली काही उत्तरं यंत्रणेची खरी दुखणी आहेत. पण पुष्कळदा माणूस भलत्या दवाखान्यात, भलत्या वेळी, कागद घरी ठेवून पोचलेला असतो. ही व्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे आणि एका पायरीवरून दुसरीवर गेलेल्या माणसाची ओळख त्याच्या हातातल्या कागदावरून पटते.

कुठल्या दारात जायचं

खेड्यात सगळ्यात जवळचं म्हणजे उपकेंद्र. सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक, असा निकष आहे. बाहेर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असा बोर्ड दिसला तर गोंधळू नका, तेच उपकेंद्र. तिथे आरोग्यसेविका असते (लोक नर्सबाई किंवा सिस्टर म्हणतात) आणि बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे 'सीएचओ'ही असतो. बीपी-शुगर तपासणं, चालू असलेल्या गोळ्या देणं, लसीकरण, गरोदर बाईची नोंद, ताप-जुलाबावर पहिला उपचार ही कामं इथे होतात.

त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. ३०,००० लोकांमागे एक, आदिवासी भागात २०,००० मागे एक. इथे डॉक्टर, लहानशी प्रयोगशाळा, औषधांची खिडकी, सहा खाटा आणि बाळंतपणाची खोली असते. साप चावल्यावरचं आणि कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन इथेच मिळायला हवं. त्याच्या वर तालुक्याच्या भागातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्ह्याचं 'सिव्हिल'.

यातली एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा, तक्रारीच्या वेळी लागेल. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषद चालवते. ग्रामीण रुग्णालयापासून वरचं सगळं जिल्हा शल्यचिकित्सकाच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या हाताखाली येतं.

शहरात साधारण ५०,००० वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र असतं. शिवाय 'आपला दवाखाना' आहे. मुंबईत तो २०२२ मध्ये सुरू झाला, पुढच्या वर्षी राज्यभर गेला. रोजंदारीवरच्या माणसाला त्याचा खरा उपयोग वेळेमुळे होतो, कारण हे दवाखाने संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असतात आणि खाडा न करता जाता येतं. नेमकी वेळ दारावरच्या फलकावर बघा. मात्र वर सांगितलेला मोफतचा निर्णय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांना लागू आहे. महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्यांची. तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे थोडे पैसे लागू शकतात.

रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्याचं आहे, आधारवर गावचा पत्ता आहे, म्हणून इथे उपचार मिळणार नाहीत असं काही नाही. ओपीडीत तपासून घ्यायला रहिवासी दाखला लागत नाही. वीटभट्टीवर, उसाच्या फडावर, बांधकामावर आलेल्या माणसालाही जवळच्या पीएचसीत तोच हक्क आहे. कागद लागतात ते पैसे खात्यात येणाऱ्या योजनांना, त्या पुढे येतील.

छातीत कळ, झटके, अपघात, बाळंतिणीचं अंगावरून खूप जाणं असं काही असेल तर पायऱ्या विसरा आणि १०८ ला फोन लावा. गाडी फुकट येते, तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची वेगळी गाडी आहे. फोनवर सांगताना गावाच्या नावाबरोबर तालुका आणि ठळक खूण सांगा. एकाच नावाची दोन गावं एका जिल्ह्यात असणं आपल्याकडे नवं नाही.

पहिली खेप

पीएचसीची ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा अशी असते. बाजाराच्या दिवशी गर्दी दुप्पट होते. पहिल्यांदा जाताना दुसरा कुठलातरी वार धरा आणि नऊच्या आत पोचा, कारण रक्त तपासायचं ठरलं तर नमुना सकाळीच घेतात. शुगर तपासायची असेल तर उपाशीपोटी जा आणि भाकरी फडक्यात बांधून बरोबर घ्या.

आधी केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, गाव आणि मोबाईल नंबर सांगायचा. आधार मागतील, असेल तर द्या, त्यावरून 'आभा' नावाचा १४ आकडी आरोग्य क्रमांक निघतो आणि पुढच्या खेपेला नोंद सापडते. आधार नाही म्हणून केसपेपर अडवता येत नाही.

मग डॉक्टर. इथे माणसं एक चूक हमखास करतात: 'अंगात कणकण आहे' एवढंच सांगून थांबतात. डॉक्टरांपुढे ओपीडीत शंभर-दीडशे माणसं असली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यामुळे चार गोष्टी घरूनच जुळवून न्या. त्रास किती दिवसांचा आहे, आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का, आणि बाईमाणूस असेल तर पाळी कधी आली होती. खाजगीतल्या गोळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही, रिकामं पाकीट पिशवीत टाकून न्या. अर्धी कापलेली पट्टी नेऊ नका, कारण नाव नेमकं कापलेल्या भागावर असतं.

तपासणी लिहून दिली तर प्रयोगशाळेत जा. हिमोग्लोबिन, लघवी, मलेरिया, थुंकी अशा तपासण्या तिथल्या तिथे होतात. थायरॉइड, किडनी, लिव्हरच्या तपासण्यांसाठी रक्त घेऊन बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल एक-दोन दिवसांनी येतो. तो घ्यायला कधी यायचं हे विचारूनच निघा. अहवाल न नेल्याने तीच तपासणी दुसऱ्यांदा होते आणि पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडते.

शेवटी औषधाची खिडकी. फार्मासिस्ट भरभर सांगतो आणि मागचा माणूस ढकलत असतो. तरी थांबून तीन गोष्टी विचारा: कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. वाचता येत नसेल तर सकाळच्या पट्टीचा एक कोपरा दुमडून घ्या, रात्रीच्या पट्टीचे दोन. आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) म्हाताऱ्या माणसांना हेच शिकवतात.

केसपेपर तिथे टाकून येऊ नका. तो घरी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवायचा कागद आहे.

रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांचं

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर तपासायची मोहीम आहे आणि निदान झालं की गोळ्या मोफत मिळतात. बीपीला ऍम्लोडिपिन, टेल्मिसार्टन. शुगरला मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. एका वेळी साधारण महिन्याभराच्या देतात. शेवटची गोळी खाऊन मग निघू नका. पाच-सहा दिवसांच्या शिल्लक असतानाच जा. साठा कधी दोन-तीन दिवस उशिरा येतो आणि तेवढ्या खंडानेही बीपी चढतं.

'या वेळी गोळी बदलून दिली' ही तक्रार नेहमीची. सरकारी खरेदीत दर वेळी कंपनी बदलू शकते. मागच्या महिन्यातली गोळी पांढरी होती, या वेळची गुलाबी आहे, पण पट्टीवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्राम छापलेले असतात. ते दोन्ही जुळले तर औषध तेच. जुळले नाहीत तर खिडकीवरून हलू नका, विचारा.

धोका दुसरीकडेच आहे. खाजगी डॉक्टरने एका कंपनीच्या नावाने ऍम्लोडिपिन लिहिलेली असते, पीएचसीतून साध्या नावाने तीच मिळते, आणि घरी माणूस दोन्ही खातो, कारण 'ती त्या डॉक्टरची, ही या डॉक्टरची'. मग घोट्यांना सूज येते, उठताना चक्कर येते आणि तो म्हणतो सरकारी गोळी बाधली. म्हणूनच रिकामं पाकीट न्यायला वर सांगितलं.

गरोदरपण: यात सर्वात जास्त मिळतं आणि सर्वात जास्त बुडतं

पाळी चुकली की आशाताईला सांगायचं. तिच्याकडे तपासणीची पट्टी असते. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असं म्हणतात त्याला कारणं आहेत. बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीवरून मोजतात आणि ती तारीख पाचव्या महिन्यात कुणालाच नीट आठवत नाही. शिवाय प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत झालेल्या नोंदणीवर आणि तपासणीवर अवलंबून आहे.

नोंदणीच्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, बोलताना 'एमसीपी कार्ड'. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी यांच्या नोंदी त्यावर होतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही करून घ्या, कुणी आपण होऊन म्हटलं नाही तरी. नवऱ्याचीही करा. दोघं 'वाहक' निघाले तर दर खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते आणि हे आधी कळलेलं बरं.

निदान चार तपासण्या व्हायला हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची तपासणी डॉक्टर करतात. जोखमीचं बाळंतपण असेल तर कार्डावर लाल खूण चिकटवतात. लाल खूण पाहून सासरी घाबरगुंडी उडते आणि कधी कधी ती खरवडून काढलेलीही दिसते. तसं करू नका. रात्री दोन वाजता १०२ च्या गाडीतून वरच्या दवाखान्यात पोचलात तर अनोळखी डॉक्टरला ती खूण एका नजरेत सांगते की हिच्याकडे आधी बघायचं.

सोनोग्राफी बहुतेक पीएचसीत नसते. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची तारीख घ्यावी लागते आणि ती लांबची मिळते. बाळात काही व्यंग आहे का हे बघणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास व्हायला हवी, म्हणून तारीख चौथ्या महिन्यातच मागून ठेवा.

लोहाच्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर, कारण त्या मिळतात सगळ्यांना आणि खातात थोड्या. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ऍसिड. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक, अशा १८० गोळ्या; बाळंतपणानंतर आणखी १८०. कॅल्शियमची दिवसाला दोन. पोट मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बायका आठवड्याभरात सोडतात. शौचाचा काळा रंग लोहाचाच असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळीवर उपाय म्हणजे रात्री जेवून झाल्यावर झोपताना घेणं. चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर, आवळ्याच्या फोडीबरोबर चांगलं लागतं. आणि लोह व कॅल्शियम एकत्र कधीच नको, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. सोपी पद्धत अशी: कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत, लोह रात्री. तरीही हिमोग्लोबिन दहाच्या खाली राहिलं तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं. सातच्या खाली गेलं तर पीएचसीत थांबू नका, वरच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

बाळंतपणाचा खर्च जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात येतो, २०११ पासून. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, दवाखान्यात असेपर्यंतचं जेवण, न्यायची गाडी आणि घरी सोडायची गाडी, सगळं फुकट. घरी सोडणारी गाडी मागितल्याशिवाय क्वचित मिळते. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच सिस्टरला सांगून ठेवा. साध्या बाळंतपणातही दोन दिवस, म्हणजे ४८ तास थांबा. बाळंतिणीचा जीव जाण्याइतका रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या दिवसातच होतो आणि 'घरी गुरं आहेत' म्हणून सहा तासांत निघालेल्या बाईपाशी त्या वेळी कुणी नसतं.

आता पैसे. दोन योजना आहेत आणि लोक त्या एक समजतात.

जननी सुरक्षा योजना: दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बाईला सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ग्रामीण भागात ७०० रुपये, शहरात ६०० रुपये. कितवं मूल आहे हे दवाखान्यात सांगताना खरं सांगा, नोंदी जुळल्या नाहीत तर फाईल अडकते.

मातृवंदना योजना: पहिल्या मुलाला ५,००० रुपये, आता ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये एकदम. रेशनचं धान्य मिळणारं कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक काहीतरी पुरतं. अर्ज आशाताई किंवा आरोग्यसेविका भरून देते. पहिल्या मुलासाठी अर्जाची मुदत शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस आणि दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवस. दुसरा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर येतो.

पैसे अडकतात ते इथे. रक्कम खाते क्रमांकावर येत नाही, आधारला जोडलेल्या खात्यात येते. आणि आधार दोन-तीन बँकांत दिलं असेल तर सगळ्यात शेवटी जिथे जोडलं गेलं तिथे. लग्नाआधी माहेरी काढलेलं, कधीच न वापरलेलं खातं असतं आणि रक्कम तिथे जाऊन पडलेली असते. अर्जाआधी बँकेत जाऊन एवढंच विचारा: 'माझं आधार डीबीटीसाठी याच खात्याला जोडलंय का?' डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. नुसतं 'आधार लिंक आहे का' असं विचारलं की कारकून हो म्हणतो, पण ते केवायसीचं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं, लिंक असतं, डीबीटीचं असेलच असं नाही. आधारवरचं नाव माहेरचं आणि बँकेतलं सासरचं असेल तर तेही आधी एक करून घ्या.

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथली होते, राहत्या गावची नाही. माहेरी बाळंत झालात तर दाखला माहेरच्या भागातला. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर फी लागत नाही.

बाळाच्या लसी

दवाखान्यातून निघायच्या आधी तीन गोष्टी झाल्या का बघा: बीसीजी, पोलिओचा जन्माच्या वेळचा डोस आणि कावीळ ब ची लस, हिला २४ तासांच्या आत महत्त्व आहे. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा (पाच आजारांवरची एकच लस), पोलिओ आणि रोटा (जुलाबावरची लस). सहा आणि चौदा आठवड्यांना न्यूमोनियाची लस. मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, दीड वर्षाला तिचाच दुसरा डोस आणि बूस्टर.

उपकेंद्रात 'आज नाही, बुधवारी या' असं सांगितलं तर ते नेहमीच टाळणं नसतं. बीसीजीची आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा फोडली की चार तासांत वापरून संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून पाच-सहा बाळं एका दिवशी बोलावतात. तो वार कुठला ते विचारून कार्डावर लिहून घ्या.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. पेंटानंतर रात्री ताप येतो. पॅरासिटामॉलचं औषध किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, तेवढं आधी विचारून ठेवा. बीसीजीच्या जागी महिन्या-दीड महिन्याने पुळी येते, फुटते, व्रण राहतो. तसंच व्हायला हवं. तिच्यावर हळद, चुना, पावडर काही लावू नका. आणि एखादा डोस दोन महिने चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिला तिथून पुढे देतात. ओरडा खावा लागेल या भीतीने न जाणं हीच खरी चूक.

कुत्रा, साप, विंचू

कुत्रा चावला की आधी घरीच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा, कारण माणसं दोन मिनिटांतच थांबतात. मिरची, तेल, चुना काही भरू नका, टाके घालायची घाई करू नका. मग पीएचसीत रेबीजची लस. दंडात कातडीच्याच थरात थोडी-थोडी देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे चार डोस. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाचा एक वाढून पाच. पहिला दिवस 'शून्य' धरतात, त्यामुळे सोमवारी पहिलं इंजेक्शन झालं तर पुढचं गुरुवारी. तारखा केसपेपरवर लिहून घ्या. कुत्रं दहा दिवसांनीही धडधाकट दिसतंय, म्हणून पुढचे डोस सोडायचे की नाही हे डॉक्टरलाच ठरवू द्या.

रक्त आलं असेल, किंवा चावा तोंडाला, मानेला, बोटांना असेल तर नुसती लस पुरत नाही. जखमेतच भरायचं वेगळं 'सिरम' लागतं. ते अनेक पीएचसीत नसतं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. लसीचा पहिला डोस इथेच घेऊन, चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी पुढे जा. लस अंगात प्रतिकार तयार करेपर्यंतच्या दिवसांत रक्षण सिरम करतं, म्हणून 'पुढच्या आठवड्यात जाऊ' याला अर्थ उरत नाही.

साप चावला तर अंगठी, जोडवी, करदोरा काढा, चावलेला हात-पाय हलवू नका, दोरीने करकचून बांधू नका. साप मारून न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच आहे. पीएचसीत गेल्यावर रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे असं समजतात. त्या वीस मिनिटांत नातेवाईक 'नुसतं बसवून ठेवलंय' म्हणून रुग्ण उचलून दुसरीकडे नेतात. नेऊ नका.

मण्यारीचं वेगळं आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, शब्द जड होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी अशी लक्षणं दिसली तर पोटदुखीची गोळी देत बसू नका.

विंचू दंशाने घाम, उलट्या, थंडगार हातपाय झाले तर तेही तातडीचं. यावर वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी जगाच्या वैद्यकात गेली ती रायगड जिल्ह्यात ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या अभ्यासामुळे.

टीबी

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासा. डबी दोन वेळा देतात, एक तिथल्या तिथे, एक दुसऱ्या दिवशी सकाळची. तोंडातली लाळ चालत नाही; दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो, तोही उघड्यावर. लाळ दिली की अहवाल 'काही नाही' असा येतो आणि माणूस आणखी दोन महिने घरात खोकत राहतो. निदान झालं की औषध मोफत, साध्या टीबीला सहा महिने. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). खाजगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही, त्याची 'निक्षय' या टीबीच्या सरकारी यादीत नोंद झाली असेल तर. दीड महिन्यात बरं वाटायला लागतं आणि काही जण तिथेच गोळ्या सोडतात.

वर पाठवलं तर

पीएचसीतून पुढे पाठवताना रेफर चिठ्ठी घ्या. तिच्यावर काय झालं, इथे काय दिलं, किती वाजता निघालात हे असतं. चिठ्ठी नसेल तर वरच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून रांग.

ऑपरेशन किंवा भरती लागणारा मोठा आजार निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिची व्याप्ती आता सर्व रेशनकार्डधारकांपर्यंत, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. योजनेत असलेल्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसतो, बहुतेक ठिकाणी प्रवेशद्वाराजवळ. भरती व्हायच्या आधी त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. योजना रोखीविना आहे, म्हणजे आधी पैसे भरून नंतर बिल लावून परत मागायची सोय तिच्यात नाही. कुणी 'आधी डिपॉझिट भरा, योजना नंतर बघू' म्हणालं तर तिथेच १५५३८८ ला फोन करा. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागून देता येतात. ओपीडीच्या साध्या तपासणीला आणि गोळ्यांना ही योजना लागत नाही. त्यासाठी पीएचसी आहे.

रेशनकार्डावर नाव नसणं ही यातली खरी अडचण. नव्या सुनेचं, नव्या बाळाचं नाव चढवायला तहसीलमध्ये वेळ लागतो. आजार यायच्या आधीच ते करून ठेवा.

'औषध नाही' म्हणाले तर

बाहेरून आणायला सांगितलं तर आधी फार्मासिस्टला विचारा की त्याच गुणाची दुसरी गोळी आहे का. बहुतेक वेळा असते आणि डॉक्टर केसपेपरवर बदल करून देतात. नसेल तर 'साठा नाही' असं केसपेपरवर लिहून मागा. भांडून नव्हे, शांतपणे. लिहायची वेळ आली की कपाट एकदा नीट बघितलं जातं.

डॉक्टर वारंवार नसतात, कुणी बाळंतपणाचे पैसे मागितले, गाडी दिली नाही, अशा तक्रारी तारीख-वेळ घालून लेखी करा. पीएचसीची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, मग जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालयाची तिथल्या अधीक्षकाकडे, मग सिव्हिल सर्जनकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता असं होतं. १०४ वर फोनवरूनही तक्रार आणि सल्ला दोन्ही होतं. आशाताईवर राग काढू नका. ती गावातलीच, मोबदल्यावर काम करणारी बाई आहे आणि औषधाचा साठा तिच्या हातात नसतो.

गाव सोडून कामाला जाताना

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा भट्टीवर निघायच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात एक चक्कर टाका. बीपी-शुगर-टीबीच्या गोळ्या नेहमीपेक्षा जास्त दिवसांच्या मागा, कारण सांगितलं तर मिळतात. टीबीच्या रुग्णाने नव्या ठिकाणाचं नाव सांगावं, निक्षय नोंद तिकडच्या दवाखान्याकडे वळवता येते. गरोदर बाईचं आणि पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं एमसीपी कार्ड, केसपेपर, रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पिशवी भांड्याकुंड्यांच्या पोत्यात घालू नका, ते पोतं ट्रकमध्ये सगळ्यात खाली जातं. कार्डांचे फोटो मोबाईलवरही काढून ठेवा. नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईचा नंबर मिळवा. मुकादमाला माहीत नसेल तर जवळच्या अंगणवाडीत नक्की मिळतो.